आठ वर्षांच्या पोराची बाळंतीण

धावजी : निंगाला काय बाहेर?

लालीबाई : निंगाला असता तं मी कणगीले पाठ लावून काहून बसली असती?

धावजी : आत हाये ना पन?

लालीबाई : कान लावून पाहा.

पूनम : मागं सरका, मागं सरका. जागा नाही.

धावजी : हाये.

लालीबाई : सकाळी होळीचा ढोल वाजला तवाच शिरला. ज्वारी सरली तवापासून ही कणगी त्याचीच झाली. वरून सूप बी त्यानंच ओढून घेतलं.

धावजी : काकानं धाडलं मले. तांड्याचा नायक म्हनून धाडलं, काका म्हनून नाही. म्हने, होळीचं गानं म्हननारे गेरिये काठ्या घेऊन उभे हायेत, पूनमले आन, धुंड सुरू करू.

लालीबाई : मंग सांगाचं, पोरगं कणगीत हाये.

धावजी : सांगतलं. काका म्हने, आठ वर्सांचं पोरगं कणगीत मावते कसं? मी म्हनलं, बसून. म्हने, मंग तसंच उचलून आना. मी म्हनलं, कणगीसंगट? तं तो इचारात पडला. तेवढ्यात मी सटकलो.

लालीबाई : धुंड तान्ह्या पोराची असते. वर्साच्या आतल्या. मायनं मांडीवर घ्याचं, दोघायनं वरून आडवी काठी धराची, बाकीच्या गेरियायनं तिच्यावर आपल्या काठ्या बडवत गानं म्हनाचं. या वर्सी तांड्यात जेवढे तान्हे असतीन तेवढ्यायची करा ना. आठ वर्सांच्या घोड्याची धुंड कोनी पाह्यली?

धावजी : आज पाह्यतीन.

लालीबाई : हसू नका.

धावजी : हसलो नाही. माहं तोंडच तसं हाये.

लालीबाई : पाच दिस झाले, मले बाळंतीण करून बसवलं. डोक्याले फडकं, कानात कापूस, खाटेखाली शेगडी. या फागुनात, जिथं गोटा उन्हानं फुटते. काकी रोज डिंकाचा लाडू आनते अन् इचारते, दूध येते काय.

धावजी : मंग तू काय म्हनली?

लालीबाई : म्हशीले इचार म्हनली.

धावजी : काकीचंही चूक नाही व. काकाचा हुकूम हाये, पूनमच्या पहिल्या धुंडीले जसं झालं तसंच झालं पाहिजे, नाही तं लागू पडत नाही. तवाच्या लापशीले जे जे होते तेच आज जेवाले बलावले. त्यातले दोघं मेले. एकाच्या जागी त्याचं पोरगं बसवलं. दुसऱ्याले पोरगंच नाही.

लालीबाई : मंग?

धावजी : त्याचा बैल हाये. बैलाले बलावलं.

लालीबाई : बैलाले लापशी चालते. माह्या पोराले डफडं चालत नाही. तांड्यातल्या जमनीच्या लग्नात काय झालं ते आठवते ना? डफड्यावर पहिली काडी पडली अन् यानं उखळावर कपाळ हापटलं. एकदा नाही, हापटतच राह्यला. रगत पुसाले माहा पदर पुरला नाही. अन् मांडवात बाया म्हने, लाडावून ठेवलं. तवा तुमी कुठं होते?

धावजी : बैलं पाजाले गेलतो.

लालीबाई : तुमचे बैलं लई पानी पेतात.

धावजी : उन्हाळा होता.

लालीबाई : हिवाळ्यातही पेतात. यानं ताट बदललं म्हनून दोन दिस भाकर सोडली, तवा बैलं तहानले. याले झोप नाही, रातभर गाडीचं चाक फिरवते, तवा बैलं तहानले. मले भावाच्या लग्नाले जाता आलं नाही, याले मोटारीत पुन्हा बसवाची हिंमत नव्हती म्हनून. तवाही तुमचे बैलं नाल्यावर होते. मलेही एखांदा बैल द्या ना. मी बी जाईन पाजाले.

धावजी : मी थांबून काय करू सांग. हात लावला का चटका बसल्यावानी वरडते. त्याचा पहिला सबद आठव. याडी नाही म्हनला, बापू नाही म्हनला. पुसदच्या मोटारीत कंडक्टर एकदा वरडला, मागं सरका, जागा नाही, तेच घेऊन आला. कंडक्टर त्याले जल्मात एकदा भेटला. मी रोज घरी असतो.

लालीबाई : रोज नाल्यावर असता.

पूनम : दूध येते काय?

धावजी : हे काय आता?

लालीबाई : काकीचं हाये. लाडवाची वेळ झाली ना. तो सारं ऐकते. आपलं एक म्हनत नाही, लोकायचं लोकायले परत देते. काल काकी आली तं तिनं तोंड उघडाच्या आधी यानंच तिले इचारलं. ती लाडू टाकून पळाली.

धावजी : तं आता काकाले काय सांगू?

लालीबाई : आधी मले एक सांगा. पहिली धुंड अर्धी राह्यली, म्हनून पोरगं अर्धं राह्यलं, असं काका म्हनते ना?

धावजी : हाव.

लालीबाई : मी तिथं होती. माह्याच मांडीवर होता हा. गानं पुरं झालं. मंग पुन्हा झालं, कारन गानं म्हननाऱ्या फुलचंदले चढली होती अन् त्यानं मधातूनच पहिल्यापासून धरलं. धुंड अर्धी तं नाहीच, दीड झाली. मंग काकाले अर्धी कोनी सांगतली?

धावजी : कोनीतरी सांगतलं असन.

लालीबाई : कोनी?

धावजी : मी.

लालीबाई : काहून?

धावजी : पंचायत बसली होती, तुले ठाव नाही. तुले माहेरी ढाणकीले धाडून द्याचं चाललं होतं. कायमचं. काकीनं काढलं का तू पोटुशी असतानी गिऱ्हानात वांगं चिरलं. दुसरी म्हने, मायची नजर थंडी हाये. मंग पुसदच्या डॉक्टरची गोष्ट निंगाली.

लालीबाई : ती कोनी काढली? डॉक्टरकडं तं आपन दोघंच गेलतो.

धावजी : पूनमनं. पंचायतीच्या मागं चाक फिरवत बसला होता. डॉक्टरच्याच आवाजात म्हनला, बाई, पोराले जरा जवळ घेत जा.

लालीबाई : जवळ घेत जा. त्या डॉक्टरनं याच्याकडं पाह्यलंही नाही, माह्याकडं पाह्यलं. मी काय त्याले सांगू, का जवळ घ्याले हात पुढं केला का माह्या हातावर दात उमटतात? मी दवाखान्याच्या पायरीवर रडत बसली. अन् तुमी संत्री घेऊन आले.

धावजी : दुसरं काही सुचलं नाही.

लालीबाई : रडनाऱ्या बाईले संत्री.

धावजी : गोड होती.

लालीबाई : मंग पंचायतीत काय झालं?

धावजी : काका माह्याकडं वळला. म्हने, धावजी, ठरवाच्या आधी तुले काही म्हनाचं हाये काय? मले काहीच सुचेना. तिथं संत्रीही नव्हती. तोंडातून निंगालं का चूक लालीची नाही. धुंडीच्या वक्ती आडवी काठी माह्या हातून सुटली, गानं तुटलं, तवापासून हे असं.

लालीबाई : काठी तुमच्या हाती होती?

धावजी : नाही.

लालीबाई : तुमी कुठं होते?

धावजी : नाल्यावर.

लालीबाई : पोराच्या धुंडीले?

धावजी : पन कोनालेच आठवत नव्हतं. सारे पेलेले होते. उलट चार जनायनं साक्ष देल्ली, का हाव, आमी काठी सुटतानी डोळ्यानं पाह्यली. फुलचंद तं म्हने, त्याच्याच पायावर पडली. तवापासून लंगडते म्हने तो.

लालीबाई : फुलचंद लंगडत नाही.

धावजी : त्या दिसापासून लंगडते.

लालीबाई : म्हनजे तुमी माह्यासाठी खोटं बोलले.

धावजी : मले वाटलं, चार शिव्या देतीन, बकरा कापाले लावतीन, इसरून जातीन. काका म्हने, अर्धी राह्यली तं पुरी करू. त्याले काम अर्धं ठेवाची सवय नाही.

लालीबाई : अन् आज धुंड झाल्यावरही पोरगं असंच राह्यलं तं?

धावजी : तं पुन्हा वांग्यावर येतीन.

लालीबाई : नीट सांगते, ऐका. धुंड नाही केली तं मी ढाणकीले. केली तं हा काठ्यायच्या आवाजानं डोकं फोडून घेते, अन् मंग मी ढाणकीले. बरोबर?

धावजी : बरोबर.

लालीबाई : अन् मी गेल्यावर याच्या कोनत्या बोलाचा काय अर्थ, ते कोन सांगनार? कंडक्टर?

धावजी : म्हनूनच तं मी...

लालीबाई : शाळेतल्या उकंडा गुरुजीले इचारलं मी मागं. त्यायच्या आधीची भावंडं जगली नाही, म्हनून जल्मल्यावर त्यायले उकिरड्यावर लोळवलं अन् नावही उकंडा ठेवलं. ते म्हने, मी जगलो, माह्या मायले वाटे उकिरड्यानं जगवलं. आता धम्म घेतला, हे सारं सोडलं, पन नाव कुठं नेऊन टाकू? मी म्हनलं, गुरुजी, माह्या पोराले काय झालं? ते लई वेळ पूनमकडं पाहत राह्यले. मंग म्हने, बाई, मले ठाव नाही.

धावजी : त्यात काय सांगतलं त्यायनं?

लालीबाई : आठ वर्सांत तेवढा एकच मानूस भेटला, ज्याले ठाव नाही. बाकी साऱ्यायले ठाव हाये.

धावजी : पदर घे. काका येऊन राह्यला.

लालीबाई : घेते. आठ वर्सं तांडा माह्याबद्दल बोलते, अन् मी घुंगटातून नायकासमोर एक सबद काढला तं पाप लागते.

शंकरसिंग : धावजी, कायदा हाये का तमाशा? गेरिये उन्हात खडे हायेत. फुलचंद बसला. तो बसला का उठत नाही, पाय जखमी हाये त्याचा.

धावजी : काका, पूनम निंगत नाही.

शंकरसिंग : तुह्या बायकोले सांग, पोरगं बाहेर काढ.

धावजी : लाली, काका म्हनते, पोरगं बाहेर काढ.

लालीबाई : पूनम, मले ऐकू येते. काकाचा आवाज ढाणकीपर्यंत जाते.

पूनम : मले ऐकू येते. काकाचा आवाज ढाणकीपर्यंत जाते.

शंकरसिंग : हे कोन बोललं?

धावजी : कणगी. म्हनजे पूनम.

शंकरसिंग : तुही बायको कणगीत पुटपुटते, अन् कणगी मोठ्यानं बोलते. हा काय प्रकार?

धावजी : सुनेनं तुमच्यासमोर बोलू नये ना काका. ती पोराशी बोलून राह्यली.

शंकरसिंग : पोराशी बोलाची मनाई नाही. पन पोट्टं इतकं बोलते म्हनजे ताज्जुब हाये. पंचायतीत तेवढं डॉक्टरचं बोललं, बाकी मुकंच हाये म्हने ना?

धावजी : दुसऱ्याचं बोलते काका. आपलं नाही.

शंकरसिंग : पंचायतीत सारेच दुसऱ्याचं बोलतात. बोल पोरा.

लालीबाई : पूनम, काठी कोनाच्या हातून सुटली?

पूनम : काठी कोनाच्या हातून सुटली?

शंकरसिंग : तुह्या बापाच्या, बेटा. चार साक्षी हायेत.

लालीबाई : मंग चूक बापाची. पोरगं तं झोपलं होतं.

पूनम : मंग चूक बापाची. पोरगं तं झोपलं होतं.

शंकरसिंग : बराबर. सवाल कानूनी हाये.

लालीबाई : मंग धुंड बापाची करा.

धावजी : लाली.

पूनम : मंग धुंड बापाची करा.

शंकरसिंग : ठहर. धावजी, तुही धुंड झालती काय?

धावजी : झालीच असन. मले कसं आठवन, मी तान्हा होतो.

शंकरसिंग : मले आठवते. तुह्या सालच्या होळीले पटकीची साथ होती. ढोलच वाजला नाही तांड्यात. तुही धुंड झालीच नाही. तरीच.

धावजी : तरीच काय?

शंकरसिंग : तरीच काठी सुटली. ज्याची आपलीच धुंड बाकी, त्याच्या हातात काठी टिकन कशी? आमी पान तोडत बसलो, जड इथं हाये. अन् काढली कोनी? या पोरानं. पंचायतीतल्या एकाले सुचलं नाही.

धावजी : काका, माह्या मिशा पिकू लागल्या.

शंकरसिंग : आठ वर्साच्याले चालते तं तुले काय झालं? कायदा साऱ्यायले सारखा. माय तुही गेली. बिजली काकीनं वाढवलं तुले, तिच्याच मांडीवर निजशील.

धावजी : काकीची कंबर दुखते.

शंकरसिंग : बाजूनं कापसाचे बोझे लावू.

लालीबाई : पूनम, धुंडीचा गुन कवा दिसते?

पूनम : धुंडीचा गुन कवा दिसते?

शंकरसिंग : वर्स लागते बेटा. पुढच्या होळीले पाहू.

लालीबाई : तवरक कोनाले ढाणकीले धाडाचं नाही.

पूनम : तवरक कोनाले ढाणकीले धाडाचं नाही.

शंकरसिंग : नाही धाडत. वर्सभर कोनी नाव काढनार नाही. नायकाचा सबद हाये तुले.

पूनम : मागं सरका, मागं सरका. जागा नाही.

शंकरसिंग : जातो बाप्पा. धावजी, पागोटं काढून ये. टोपडं बांधावं लागन.

धावजी : गेला. लाली, तू मले त्यायच्या हाती देल्लं.

लालीबाई : काठी सुटली म्हनले ना? जा आता काठीखाली.

धावजी : सारा तांडा हसन.

लालीबाई : हसू द्या. मले पाच दिस हसला.

धावजी : अन् बैलं? पाजाची वेळ झाली.

लालीबाई : आज राहू द्या तहानले.

(दूरवर गाणं सुरू होतं, काठीवर काठ्या पडू लागतात. बराच वेळ पडतच राहतात. कणगीवरचं सूप आतून घट्ट ओढलं जातं. मग सगळं थांबतं. धावजी परत येतो, डोक्याला टोपडं.)

लालीबाई : आले? टोपडं तं सोडा.

धावजी : आं?

लालीबाई : टोपडं.

धावजी : हळू बोल. नाही, मोठ्यानं बोल. नको, हळूच बोल.

लालीबाई : कानाले काय झालं?

धावजी : फुलचंदनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. दोनदा. काकी म्हने, लवकर रांगाले लाग, अन् मंग म्हने, आता उठ मेल्या, पाय बधिर झाला. बाया हसून हसून लोळल्या.

लालीबाई : मंग तुमीही हसले असान.

धावजी : आधी हसलो. मंग आडवी काठी खाली आली, नाकापर्यंत. अन् तिच्यावर काठ्या पडाले लागल्या. इतक्या वर्सांत मी धुंड उभ्यानंच पाह्यली व. कवा आलो तं उभा राह्यलो, नाही तं नाल्यावर. उभ्यानं ते गानं असते. खालून गानं नसते. खालून लाकूड फोडते कोनी, अन् लाकूड म्हनजे आपलं डोकं. उठाले गेलो तं काकीनं दाबून धरलं, प्रेमानं. वर पाह्यलं तं सारे हसून राह्यले, आशीर्वाद देऊन राह्यले. कोनाले वाईट वाटाचं कारनच नाही. अन् माह्या तोंडातून निंगालं.

लालीबाई : काय?

धावजी : मागं सरका.

लालीबाई : मंग?

धावजी : कोनी सरकलं नाही. गान्यात कोनाले ऐकू येते?

लालीबाई : जेवता काय?

धावजी : नाही. बैल खाऊन गेला माह्या वाट्याची लापशी.

लालीबाई : हा घ्या, माह्या कानातला कापूस. मी आता बाळंतीण नाही.

धावजी : कापूस. लाली, त्या लग्नात याच्या कानात कापूस घालाचं कोनालेच सुचलं नाही काय? घरात बोझे पडले असतानी.

लालीबाई : मले सुचलं होतं. कानाले हात कोन लावू देते?

धावजी : सूप उलसं सरकवून आत टाकून पाहू काय? तोच आपल्या हातानं घालन, नाही तं नाही.

लालीबाई : टाका.

धावजी : टाकला.

लालीबाई : आला बाहेर.

धावजी : मले लागला तोंडावर.

लालीबाई : नको असन त्याले. तुमीच घाला.

धावजी : एक वर्स भेटलं. पुढच्या होळीले काय करू?

लालीबाई : मले ठाव नाही.

धावजी : मलेही.

लालीबाई : बैलं हंबरून राह्यले तुमचे.

धावजी : हंबरू दे. त्या बाजूनं टेकून बसू काय मी? कणगीले?

लालीबाई : मले काहून इचारता?

धावजी : पूनम, बसू काय रे इथं?

लालीबाई : कान लावून पाहा.

धावजी : काहीच म्हनत नाही.

लालीबाई : बसा मंग. जागा नाही, असं तं म्हनला नाही.